पैनगंगेकाठची हिमनदी

अकोला-अमरावतीकडची माणसे हिमनदी पाहतात ती बहुधा चारधामच्या निमित्ताने. गंगोत्रीहून चिरबासा, भोजबासा करत १८ किलोमीटर चालले की गोमुख, म्हणजे गंगोत्री हिमनदीचे मुख येते. वनखात्याचा परवाना लागतो आणि दिवसाला १५० जणांनाच सोडतात. भूवैज्ञानिक जॉन ऑडेन यांनी १९३५ मध्ये या मुखाची मोजणी करून नकाशा काढला. तेव्हापासून ते एक किलोमीटरहून जास्त मागे गेले आहे. बर्फ होता तिथे आता गोट्यांचे ढिगारे आणि घासलेला खडक उरला आहे.

तसाच घासलेला खडक वऱ्हाडच्या शेजारी आहे. तो पाहायला कानटोपी लागत नाही, उन्हाची टोपी लागते!

बुलढाणा जिल्ह्यात उगम पावलेली पैनगंगा शेवटच्या टप्प्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या इरई गावाजवळून वाहते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये इथल्या चुनखडीबद्दल लिहिले. खडकाचा माथा गुळगुळीत झालेला आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले ओरखडे, अशी ती खूण होती. पाणी दगड गोल करते, पण पट्टी लावून ओढल्यासारख्या समांतर रेघा काढणे त्याच्या हातून होत नाही. ते काम बर्फाच्या बुडाशी रुतून सरकणाऱ्या दगडांचे. ते दगडही तिथेच सापडतात. मुठीएवढे आणि माणसाला न हलणारे धोंडे एकाच गाळात कालवलेले असतात, काहींच्या बाजू घासून सपाट झालेल्या. या थराच्या जोडीला हिरवट चिखलखडक येतो. तो हातात घेऊन चुरला तर सुईसारखे लांबट तुकडे पडतात.

असा थर ओडिशातल्या तालचेरला आधी ओळखला गेला. भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड बंधूंनी १८५६ मध्येच हे गोटे बर्फाने आणले असावेत असे सुचवले होते. उष्ण कटिबंधात बर्फ कुठला, ही शंका रास्तच होती. इरईच्या रेघांनी तिला चोख उत्तर दिले. पुढे आल्फ्रेड वेगेनर यांनी भारत, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलियातल्या अशाच खुणा खंड सरकल्याच्या पुराव्यात मांडल्या. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी ही भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, गोंडवन महाखंडात होती.

मग खुद्द अकोला-अमरावतीत हे का दिसत नाही? कारण तिथे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा पसरला आहे. काळ्या कातळाखाली आणि पूर्णा नदीच्या गाळाखाली काय दडले आहे ते डोळ्यांना कळत नाही. यवतमाळ ओलांडून वणीकडे गेले की कातळ विरळ होतो आणि जुने खडक उघडे पडू लागतात.

या गोष्टीची खरी मेख पुढेच आहे. बर्फ हटला, दलदली झाल्या, ग्लॉसोप्टेरिससारख्या वनस्पतींचा पाला थरावर थर साचला आणि त्याचा कोळसा झाला. घुग्घुस, वणी, बल्लारपूरच्या खाणी म्हणजे एका हिमनदीच्या माघारीनंतरची मिळकत. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात, अकोल्याजवळच्या पारसला, अमरावतीजवळच्या नांदगाव पेठला कोळसाच जळतो. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड जगभरच्या धुरात मिसळतो आणि गंगोत्रीसारख्या हिमनद्यांना मागे रेटणाऱ्या तापमानवाढीत भर घालतो. पहिल्या माघारीला लाखो वर्षे मिळाली होती. दुसरी एका माणसाच्या हयातीत मोजता येते. वीज वापरणाऱ्या आपल्यापैकी कुणालाच यातून अंग काढून घेता येणार नाही.

याच भागातल्या चुनखडीवर गडचांदूर, आवारपूरकडचे सिमेंट कारखाने उभे आहेत. त्यामुळे ओरखड्यांचा हा खडक शाळा-महाविद्यालयांच्या सहलींना वेळेवर दाखवलेला बरा. अमरावतीहून यवतमाळमार्गे वणीपर्यंत एसटीने जाता येते. पावसाळ्यात नदी चढलेली असते, म्हणून दिवाळीनंतर पाणी उतरल्यावर निघावे. ओरखडे नीट पाहायचे तर सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर पोहोचावे. तिरप्या प्रकाशात रेघांच्या कडांची सावली पडते, भर दुपारी मात्र त्याच रेघा खडकात विरून जातात. हातोडी घरीच ठेवावी.