खासदाराच्या कामाचा वार्षिक तपशील

वर्ष सरत आले की लोकप्रतिनिधीच्या संसदीय कामकाजाचा तपशील प्रसिद्ध होतो, आणि इतकी भाषणे, इतके प्रश्न, एवढे वाचून, ज्याचा आकडा मोठा तो सदस्य अधिक कर्तव्यदक्ष, असा निवाडा पुष्कळ मतदार देऊन टाकतात. हा निवाडा मला घाईचा वाटतो, कारण सगळ्या नोंदी एका मोलाच्या नसतात.

लोकसभेत अतारांकित प्रश्नाचे लेखी उत्तर पटलावर ठेवले की ते प्रकरण त्या दिवसापुरते मिटते. तारांकित प्रश्नाला मात्र मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. दिवसाच्या यादीत असे प्रश्न अवघे वीस, तेही सोडतीने लागलेले, आणि प्रश्नोत्तराचा तास संपेपर्यंत त्यांतले कित्येक पुकारलेही जात नाहीत. या पूरक प्रश्नाचा हक्क सहजासहजी मिळालेला नाही: ब्रिटिश अमलातील १८९२च्या कायद्याने कायदे कौन्सिलातील सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली, पण उत्तरावर पुन्हा प्रश्न करण्याची सवलत १९०९च्या सुधारणांनंतरच, तीही मूळ प्रश्नकर्त्यापुरती, लाभली.

एका नोंदीत किती सामर्थ्य असते, हे मुंदडा प्रकरणात दिसले. राष्ट्रीयीकरणातून नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांच्या आसपासचे भाग खरेदी केल्याविषयी १९५७ साली लोकसभेत प्रश्न निघाले. सरकारी उत्तरांनी समाधान झाले नाही, तेव्हा रायबरेलीचे सदस्य फिरोज गांधी, स्वतः सत्ताधारी पक्षाचे असूनही, १६ डिसेंबरला उभे राहिले आणि विमाधारकांच्या पैशाचा हिशेब त्यांनी अर्थमंत्र्यांकडे मागितला. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी या व्यवहाराची मुंबईतच उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. वार्षिक तपशिलात ते भाषण संख्येने एकच भरते.

मोठ्या आकड्याप्रमाणे शून्यही फसवे असू शकते: मंत्री झालेला सदस्य प्रश्न विचारीत नाही, तेव्हा त्याच्या नावापुढील शून्याला दोष देणे अन्यायाचे होय.

म्हणून आपल्या सदस्याचा तपशील हाती आल्यावर बेरजेपाशी न थांबता एखादा प्रश्न मुळातून वाचावा. त्याचे उत्तर काढावे. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे त्यात म्हटले असेल, तर पुढल्या अधिवेशनात त्याच सदस्याने तोच विषय पुन्हा धसास लावला की नाही, हे तपासावे.