नासार्श : दुर्बिणीद्वारे शस्त्रकर्म व आपले कर्तव्य

नासार्श हा व्याधी वैद्यवर्गास नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात घ्राणगत अर्शाची प्रतिश्याय, अतिक्षवथु, कृच्छ्रश्वास, पूतिनस्य, सानुनासिक वाणी व शिरःशूल ही लक्षणे वर्णिली आहेत. आजच्या 'पॉलिप'च्या रुग्णाशी ती ताडून पाहावीत. फारसे वेगळे काही आढळत नाही. गंधज्ञान गेले आहे काय, हे मात्र आवर्जून विचारावे.

पूर्वी तारेच्या फासाने अंकुर ओढून काढीत. त्याचे मूळ वायुविवरांच्या मुखाशी शिल्लक राहत असल्याने तो पुन्हा वाढे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मेसरक्लिंगर यांनी मधल्या नासामार्गातील अरुंद वाटांचे महत्त्व दाखविले आणि १९८०च्या दशकात स्टॅमबर्गर व केनेडी यांच्या प्रयत्नांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. सी. टी. स्कॅन पाहून नाकपुडीतूनच अंकुर काढतात व विवरांची मुखे मोकळी करतात. चेहऱ्यावर छेद नसतो. परंतु नेत्रगुहा व मेंदूचे आवरण तेथून पातळ अस्थिपटलाइतक्याच अंतरावर असतात. म्हणूनच या खोलीत अंदाजाने क्षारकर्म वा अग्निकर्म करणे धाडसाचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पांढुरका, द्राक्षासारखा, स्पर्शास असंवेदी तो अंकुर. गुलाबी, स्पर्शास दुखणारा भाग बहुधा सुजलेले शुक्तिकास्थी असते. अंकुर एकाच बाजूस असेल, रक्तस्राव होत असेल, तर अर्बुदाची शंका घेऊन टेंभुर्णीहून रुग्ण विनाविलंब सोलापूर वा पुण्यास पाठवावा. लहान बालकाच्या नाकातील अंकुरास तर हातही लावू नये. तो कधी मेंदूच्या आवरणाचा बाहेर आलेला भाग असतो. मधुमेही रुग्णात चेहरा दुखणे, काळी खपली, डोळ्यावर सूज दिसल्यास २०२१ सालचा म्युकरमायकोसिस आठवावा. तेथे तासांचाही विलंब घातक ठरतो.

औषधी दुकानदारांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. ऑक्सिमेटॅझोलीन, झायलोमेटॅझोलीनचे थेंब काही दिवसांपलीकडे वापरल्यास नाक उलट अधिकच चोंदते. महिनोन्‌महिने तीच बाटली नेणाऱ्यास दुकानातच थांबवून विचारावे. दुसरे असे की, नासार्श व दमा एकत्र असलेल्या काही रुग्णांस अ‍ॅस्पिरीन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांनी दम्याचा तीव्र झटका येतो. तेव्हा डोकेदुखीची गोळी देण्यापूर्वी दम्याची चौकशी करावी.

शस्त्रकर्माने व्याधीची प्रवृत्ती जात नाही, पुनरुद्भव होतो. त्यामुळे उकळून थंड केलेल्या पाण्याच्या सलाईनने नासाप्रक्षालन व शल्यचिकित्सकाने दिलेला फवारा दीर्घकाळ चालू ठेवावा लागतो. फवारा बंद करण्याचा सल्ला आपण परस्पर देऊ नये. नस्यही व्रण भरल्यावर, त्यांच्याशी बोलूनच आरंभावे.