तिची गोळी तिला, तुमची तुम्हाला

चाळिशी-पन्नाशीत रक्तात साखर निघाली, की सल्ले सुरू होतात. ‘माझ्या जावेला अमुक गोळी लागू पडली, तूही तीच घे!’ पण मैत्रिणींनो, एकीची गोळी दुसरीला चालेलच असं नाही. वय, वजन, हृदय, मूत्रपिंड, जेवणाच्या वेळा आणि खर्च हे सगळं बघून डॉक्टर ती ठरवतात.

बहुतेकींची सुरुवात मेटफॉर्मिनने होते. यकृतातून रक्तात येणारी साखर ती कमी करते. स्वस्त आहे, वजनही वाढवत नाही. सुरुवातीला मळमळतं, पोट बिघडतं, म्हणून जेवणाबरोबर घ्यावी. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी-१२ तपासून घ्यावं. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर ही चालत नाही.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. स्वस्त आणि जोरकस. पण गोळी घेतली नि जेवण राहिलं, तर साखर एकदम घसरते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी! आपण सगळ्यांना वाढून शेवटी जेवणार, त्यात चतुर्थी, एकादशी, हरतालिका. तेव्हा उपवासाचं डॉक्टरांना आधीच सांगा. तरीही असा त्रास झालाच, तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. उपवास मोडला तरी चालेल!

सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिनमध्ये ही भीती कमी असते. पूर्वी या महाग होत्या. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपलं आणि स्वस्त गोळ्या बाजारात आल्या.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर त्यांचा विशेष फायदा होतो. मात्र काहीजणींना लघवीच्या जागी खाज सुटते, बुरशी होते. लाजेपोटी हे सांगायचं टाळून गुपचूप गोळी बंद केली, तर साखर पुन्हा चढते. यावर साधे उपचार आहेत, संकोच नको. कडक उपवास किंवा उलट्या-जुलाब असतील तेव्हा मात्र ही गोळी घ्यायची का, हे विचाराच.

महिन्याचा खर्च झेपत नसेल तर तेही मोकळेपणाने बोला. जनऔषधी केंद्रात अनेक गोळ्या कमी किमतीत मिळतात. मूल हवं असेल तर आधी कळवा. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासा. गोळी लागू पडते की नाही, हे शेजारीण नाही, तो रिपोर्टच सांगेल.