बोलणे आणि पोचणे

माणूस बोलतो म्हणजे नेमके काय करतो, हा प्रश्न पंडितांचा आहे अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. मी गाणे शिकविणारा मनुष्य. सूर लागला की नाही एवढे पाहावे, पलीकडच्या शास्त्रात आपण कशाला शिरावे? परंतु हा प्रश्न एके दिवशी आमच्या घरातच खाटेवर येऊन बसला, आणि त्याचे उत्तर मला ग्वाल्हेरात नव्हे, तर पार सौंसरला जाऊन सापडले.

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, ग्वाल्हेर दरबारच्या अखेरच्या गायकांपैकी. १९४८ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीच्याही आत होते. दरबार गेला, पण दरबारची शिस्त त्यांच्या अंगातून कधी गेली नाही. भिंतीवर घड्याळ होते, तरी आमच्या घरात वेळ कळे ती नानांच्या रागावरून. पहाटे भैरव, दिवेलागणीला मारवा, रात्रीची जेवणे आटोपली की बिहाग. मी त्यांचा उतारवयातला मुलगा. २०१० च्या पावसाळ्याअखेर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. ग्वाल्हेरची थंडी सोसणार नाही म्हणून आईच्या माहेरी, सौंसरला मामांकडे, त्यांना नेले.

नागपूर-इटारसी लोहमार्गावर पांढुर्ण्याला उतरावयाचे आणि पुढे मोटारीने सौंसर गाठावयाचे, हा आमचा आजोळचा जुना रस्ता. हा मुलूख एके काळी नागपूरकर भोसल्यांचा. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्यप्रदेशात राहिला. त्यामुळे घरात नागपुरी वळणाची मराठी आणि शाळेत हिंदी, अशी मुलांची विभागणी झाली. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, तरी उंबऱ्याच्या आत एक भाषा आणि बाहेर दुसरी, हा प्रकार कायम आहे.

मी तेथे रिकामा बसून काय करणार? आळीतली सात-आठ मुले संध्याकाळी जमवून त्रिताल शिकवू लागलो. पहिल्याच दिवशी सम झाली, टाळी झाली, आणि नवव्या मात्रेला मी म्हणालो, "आता खाली दाखवा." निम्म्या मुलांनी जमिनीकडे बोटे केली! एक चुणचुणीत पोरगी तर वाकून पाहू लागली. मी रागावलो तेव्हा ती म्हणाली, "सर, तुम्हीच तं म्हणलं खाली दाखवा. खाली तं सतरंजी हाय." खाटेवर पडलेल्या नानांच्या ओठाची डावी बाजू हलली. ते हसत होते. गेल्या दोन महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिले नव्हते.

मुलांची चूक नव्हती. तालातली 'खाली' म्हणजे रिकामी, हा हिंदीचा अर्थ. मराठीत खाली म्हणजे तळाशी. शब्द माझ्या तोंडून नीट निघाला, त्यांच्या कानी नीट पोचला, आणि तरीही माझे म्हणणे पोचले नाही. 'शिक्षा' म्हटले की मराठी पोर छडी आठवते आणि हिंदी मास्तर पुस्तक. 'चेष्टा' एकीकडे थट्टा, तर दुसरीकडे प्रयत्न. शब्द हा भरलेला डबा नव्हे, की इकडून दिला आणि तिकडे उघडला. तो नुसती खूण आहे. खुणेचा अर्थ ऐकणाऱ्याच्या पदरी आधीच असावा लागतो.

ज्या १९४८ साली आमचा दरबार उठला, त्याच साली अमेरिकेत क्लॉड शॅनन नावाच्या गणितज्ञाने संदेशवहनाचा सिद्धांत मांडला. संदेश देणारा, त्याचे संकेतांत रूपांतर करणारे यंत्र, तो नेणारा मार्ग, वाटेत मिसळणारा गोंगाट, आणि संकेत उलगडून घेणारा, अशी त्याची मांडणी आहे. तारायंत्राला आणि टेलिफोनला ती चपखल बसते. मात्र संदेशाच्या अर्थाशी आपल्याला कर्तव्य नाही, हे शॅननने प्रारंभीच सांगून टाकले होते. अर्थाची काळजी आपल्या अलंकारशास्त्राने फार पूर्वी वाहिली. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना अशा शब्दाच्या तीन शक्ती त्याने सांगितल्या, आणि नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने सुचविलेल्या अर्थाला काव्याचा आत्मा मानले. 'सूर्य मावळला' हे या शास्त्रातले नेहमीचे उदाहरण. गुराख्याला त्यातून गुरे वळवावी असे कळते, ब्राह्मणाला संध्येला बसावे असे कळते. वाक्य एक, पण ऐकणारा बदलला की अर्थ बदलला.

भांडणालासुद्धा अशी समाईक खूण लागते, हे मामांनी मला जाम नदीच्या काठी उभे राहून सांगितले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. हीच ती गोटमार. दोन गावांतली एक प्रेमी जोडी नदी ओलांडताना दोहोंकडच्या दगडांत सापडली, अशी तिची दंतकथा. दरसाल शेकडो लोक जखमी होतात, मृत्यूही झालेले आहेत. त्या दिवशी कोणी कोणाचा शब्द ऐकत नाही. तरी झेंडा हाती आला की दगड थांबतात आणि तो चंडीमातेच्या देवळात नेतात, ही खूण दोन्ही काठांना ठाऊक असते. मामा म्हणाले, "बापू, थांबायचं कधी हे दोन्ही गावांले समजते. मंग सुरूच कायले करा, हे कोणी कोणाले विचारत नाही."

आता नानांकडे वळतो. एका डॉक्टरांनी त्यांच्या देखतच आम्हाला सांगितले होते, "यांना आता काही कळत नाही." आम्ही ते खरे मानले. मग त्यांच्या खाटेशेजारीच औषधांचा खर्च, कोणी किती दिवस राहावयाचे, पुढचे काय, हे सारे मोकळेपणाने बोलू लागलो. नाना डोळे मिटून घेत. त्यांना झोप लागली असे आम्ही समजत असू.

मुलांच्या त्या फजितीनंतर चार-पाच दिवसांनी, तिन्हीसांजेला नाना डाव्या हाताने खाटेची पाटी बडवू लागले. मी पाणी दिले, ते सांडले. उशी सारखी केली, ती त्यांनी ढकलली. गोळी पुढे केली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मग घशातून आवाज निघाला. शब्द नव्हता, पण निषाद होता, आणि त्याखाली कोमल ऋषभाची ती मारव्यातली अस्वस्थ जागा. मी संगीतशिक्षक, राग ओळखला आणि तोंडाकडे पाहत उभा राहिलो! आई स्वयंपाकघरातून धावत आली. "अरे, दिवा लावला नाही अजून! ते दिवा मागताहेत." तिने देवापाशी निरांजन लावले आणि म्हणाली, "अहो, लावला हं." नाना शांत झाले.

आईला सरगम येत नव्हती. पण पन्नास वर्षे मारवा आणि दिवा तिच्या घरात एकाच वेळी आले होते. सूर्य मावळल्याचे नानांनी सांगितले आणि ज्याला अर्थ ठाऊक होता त्याला ते पोचले.

पुढे मी वाचले की १८६१ साली पॅरिसच्या पॉल ब्रोकाने असाच एक रोगी तपासला होता. त्याला एकच अक्षरसमूह उच्चारता येई, परंतु समज बरीच शाबूत होती. मेंदूच्या डाव्या अंगाला इजा होऊन बोलणे गेले, तरी कित्येकांचे गाणे शिल्लक राहते. त्याचाच आधार घेऊन १९७३ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी सुरांतून शब्द परत आणण्याची उपचारपद्धती मांडली. आमच्या घरात तर सूर पिढीजात होते, आणि आम्ही नानांपुढे गोळ्यांचा हिशेब करीत बसलो होतो.

त्या संध्याकाळनंतर आम्ही बदललो. त्यांच्याशी सावकाश बोलू लागलो, 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर उत्तर देता येईल असे विचारू लागलो, आणि उत्तराची वाट पाहू लागलो. 'हो'ला षड्ज, 'नाही'ला मान. चैत्रात ते गेले, तोवर आमचे पुष्कळ बोलणे झाले. त्या दोन महिन्यांत त्यांनी काय ऐकले असेल, त्याबद्दल मी एकदा क्षमा मागितली. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि षड्ज लावला.

आपल्या जुन्या घरांतून असे एखादे वडीलधारे माणूस खाटेवर असतेच. त्याला कळत नाही असे ठरविण्यापूर्वी, आपल्याला कळते आहे ना, एवढे एकदा तपासून पाहावे.