एक विहीर, तीन वाटा

संगणकावर पत्र लिहिणाऱ्याला एकच काम तीन तऱ्हांनी करता येते. समजा, लिहिलेले पत्र जपून ठेवायचे आहे. पडद्यावरच्या पट्टीतला 'फाईल' हा शब्द उघडून खालच्या यादीतून 'जतन करा' हे कलम निवडावे, ही पहिली तऱ्हा. पट्टीखालच्या छोट्या चित्रावर टिचकी मारावी, ही दुसरी. आणि 'कंट्रोल' कळ दाबून धरून 'एस' दाबावी, ही तिसरी. यादीला मेनू म्हणतात, आणि कळींच्या या जोडीला शॉर्टकट, म्हणजे आपली पाऊलवाटच. ही पाऊलवाट पाडतो कोण, आणि ती सगळीकडे सारखी का नसते, ते आज पाहू.

थोडा इतिहास आधी सांगतो. मजकूर कापावा, नकलावा आणि दुसरीकडे चिकटवावा ही पद्धत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 1970 नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात घडवली. टेस्लर पुढे ॲपल कंपनीत गेले. 1983 साली त्या कंपनीच्या 'लिसा' संगणकात झेड, एक्स, सी आणि व्ही या शेजारच्या चार कळा अनुक्रमे रद्द करणे, कापणे, नकलणे आणि चिकटवणे यांसाठी ठरल्या. विंडोजनेही पुढे हीच अक्षरे घेतली. फरक राहिला तो जोडीच्या कळीत. ॲपलच्या मॅकवर अक्षराबरोबर 'कमांड' कळ दाबायची, आणि विंडोज व लिनक्सवर 'कंट्रोल'.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फरकाने काय बिघडते? तर बरेच बिघडते. लिनक्सच्या आज्ञा-खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, कंट्रोल-सी दाबले तर नक्कल होत नाही. चालू असलेले काम थांबते! तिथे नकलण्यासाठी सहसा शिफ्ट कळही जोडीला घ्यावी लागते. हाताची सवय एक सांगते आणि यंत्र दुसरेच ऐकते.

म्हणून तिन्ही प्रकारच्या यंत्रांवर चालणारे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने पहिला नियम पाळावा तो असा : कामाची व्याख्या एकदाच करावी. 'जतन करणे' ही विहीर समजा. मेनू, चित्र आणि शॉर्टकट या तिच्याकडे जाणाऱ्या तीन वाटा. विहीर कोरडी असेल, म्हणजे जतन करण्यासारखे काही नसेल, तर तिन्ही वाटा एकदम बंद झाल्या पाहिजेत. तीन ठिकाणी तीन वेगळ्या विहिरी खणल्या, की मेनूतले कलम फिकट पडते आणि शॉर्टकट मात्र चालूच राहतो. 'क्यूटी' आणि जावामधील 'स्विंग' या साधनांत अशी एकच 'ॲक्शन' करून ती सगळीकडे जोडता येते.

दुसरा नियम : कळीचे नाव हट्टाने लिहू नये. क्यूटीमध्ये 'कंट्रोल-एस' लिहिले, तर मॅकवर ते आपोआप 'कमांड-एस' होते. 'इलेक्ट्रॉन' या साधनात 'कमांड किंवा कंट्रोल' असा जोडशब्दच दिलेला आहे. जावामध्ये, या यंत्रावर मेनूची कळ कोणती, असे यंत्रालाच विचारता येते.

तिसरा नियम जागेचा. विंडोजवर 'बाहेर पडा' हे कलम बहुधा फाईल मेनूच्या तळाशी असते. मॅकवर ते सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या नावाच्या मेनूत बसते, आणि 'सेटिंग'ही तिथेच. क्यूटी हे कलमाच्या शब्दांवरून ओळखू पाहते. पण शब्दांवरून लावलेला तर्क चुकू शकतो, आणि भाषांतर झाले म्हणजे धोका वाढतो. म्हणून कलमाची भूमिका लिहिणाऱ्याने स्पष्ट सांगावी, हे बरे.

आता आपल्या घरची गोष्ट. इन्स्क्रिप्ट कळफलकावर इंग्रजी 'सी'च्या जागी 'म' आहे आणि 'व्ही'च्या जागी 'न'. मराठीत लिहिता लिहिता कुणी नक्कल करायला गेला, तर सॉफ्टवेअरने काय समजावे? ते नुसते उमटणारे अक्षर पाहील, तर त्याला 'म' दिसेल आणि शॉर्टकट मुका राहील. लिहिणाऱ्याने देवनागरी कळफलक लावून हे तपासलेच पाहिजे. तसेच रुपयाचे. विंडोजच्या भारतीय इंग्रजी कळफलकावर कंट्रोल, आल्ट आणि 4 मिळून ₹ उमटतो. तीच जुळणी एखाद्या सॉफ्टवेअरने स्वतःच्या कामासाठी अडवली, तर आपल्या दुकानदाराचा रुपयाच गेला म्हणायचा!

हे सारे सोयीपुरतेच आहे का? नाही. ज्या विद्यार्थ्याला दिसत नाही, त्याला माऊसचा बाण कुठे आहे हे कळत नाही. त्याला पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर असते आणि हाताशी कळफलक. डोळस माणसाची पाऊलवाट हा त्याचा एकुलता एक रस्ता आहे. ज्या कामाला फक्त चित्र आहे, मेनूत कलम नाही आणि कळही नाही, ते काम त्याच्यापुरते अस्तित्वातच नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या शाळेत एक यंत्र असेल आणि मुलाला उद्या भेटणारे दुसरेच असेल. तेव्हा कळींची यादी घोकून घेऊ नका. मेनू उघडायला लावा. कलमाच्या उजव्या कडेला त्याचा शॉर्टकट बहुधा लिहिलेला असतो. तो मुलांना स्वतः वाचू द्या. काम कोणते हे ज्याला समजले, त्याला वाट परक्या गावातही सापडते.