ट्यूब गेली तरी धंदा जात नाही

"ट्यूबच नसेल तर आम्ही चिकटवायचे काय?" घाटकोपरच्या एका पंक्चरवाल्या चाचांनी आम्हाला विचारले. प्रश्न पोटापाण्याचा होता. म्हणून आम्ही घरीच एका गिअरच्या सायकलची चाके ट्यूबलेस करून पाहिली.

सायकलसाठी ट्यूबलेस चाकांची पद्धत १९९९ साली माविक या फ्रेंच कंपनीने बाजारात आणली. आज आरेच्या रस्त्यावर आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरणाऱ्या महागड्या सायकलींना असे टायर दिसतात. मात्र टायर आणि रिम दोन्ही 'ट्यूबलेस रेडी' हवेत. पाववाल्याच्या जुन्या काळ्या सायकलीवर हा प्रयोग करू नये.

काम अवघड नाही. ट्यूब काढून रिम स्वच्छ पुसावी. स्पोकच्या भोकांवर हवाबंद टेप ताणून बसवावी. ती रिमच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पोचली पाहिजे. व्हॉल्व्हपुरते बारीक भोक पाडून ट्यूबलेस व्हॉल्व्ह घट्ट बसवावा. मग टायर चढवून कडांना साबणाचे पाणी लावावे.

इथवर आमचे ठीक चालले. पण पंप मारून घाम निघाला तरी टायर फुगेना. टायरची कड रिमला टेकलेली नसते, त्यामुळे भरलेली हवा फटीतून निघून जाते. तिथे एकदम जोराची हवा लागते. शेवटी चाक उचलून आम्ही चाचांकडेच गेलो!

त्यांनी व्हॉल्व्हची पिन काढून कॉम्प्रेसरची हवा सोडली. फट्‌, फट्‌ असे दोन आवाज झाले आणि कडा जागेवर बसल्या. मग हवा सोडून त्याच वाटेने सीलंट ओतले. रुंद टायरला ते साधारण १०० मिलीलिटर लागते, अरुंद टायरला त्याच्या निम्मे. पिन लावून पुन्हा हवा भरली आणि चाक चहूबाजूंनी हलवून फिरवले. खिळ्याने छोटे भोक पडले की हवेबरोबर हे दुधासारखे द्रव्य बाहेर येते आणि तिथेच घट्ट होऊन भोक बुजवते. हवा भरताना टायर व रिमवर लिहिलेली मर्यादा ओलांडू नये. कॉम्प्रेसरच्या जोराने टायर रिमवरून उडू शकतो.

सीलंट कायमचे नसते. काही महिन्यांत ते सुकते आणि पुन्हा भरावे लागते. मोठा चिरा पडला तर स्ट्रिप घालावी लागते किंवा तात्पुरती ट्यूब.

म्हणजे गिऱ्हाईक परत येणारच आहे. कॉम्प्रेसर दुकानात आहेच. टेप, सीलंट, थोडे व्हॉल्व्ह आणि बारीक व्हॉल्व्हसाठी पितळी अडॅप्टर एवढेच नवे सामान लागते. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कारागिरांनी हा हुन्नर आधी एखाद्या जुन्या चाकावर शिकून घ्यावा. मोटारींचे टायर ट्यूबलेस झाले तेव्हा ज्यांनी स्ट्रिप मारायला शिकून घेतले, त्यांची दुकाने आजही चालू आहेत.