कोसलीच्या मुलखातले डॉक्टर

अभनपूरहून राजिमकडे जाताना भाताच्या बांधांवर लहानखुऱ्या, तांबूस गाई चरताना दिसतात. ही कोसली, छत्तीसगडच्या मैदानी मुलखाची स्वतःची, नोंदणीकृत जात. दूध बेताचं देते. पण तिचे बैल भाताच्या खाचरात चिखलणी करतात आणि पेंढ्यावर वर्ष काढतात. या जनावरांचे डॉक्टर अंजोऱ्याला घडतात. दुर्ग ओलांडून नागपूरच्या दिशेला लागलं की महामार्गावरच तिथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

मराठी माणसाला इथल्या पशुवैद्यकीय शिक्षणाचा इतिहास परका नाही. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६चं. १९४८ साली जबलपूरला महाविद्यालय निघालं, तेव्हा नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते. १९५६च्या पुनर्रचनेत वाटा फुटल्या आणि १९५८मध्ये नागपूरला वेगळं महाविद्यालय झालं. अंजोऱ्याचं महाविद्यालय आधी रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाखाली होतं. २०१२पासून ते आताच्या दाऊ श्री वासुदेव चंद्राकर कामधेनू विद्यापीठाखाली आहे.

पदवी साडेपाच वर्षांची, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. प्रवेश 'नीट'च्या गुणांवर. आधी शरीररचना, शरीरक्रिया, पशुपालन. मग रोगनिदान, सूक्ष्मजीव, परजीवी, औषधं. शेवटी शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र. एमबीबीएसचा विद्यार्थी एकच शरीर शिकतो. इथे गाय, म्हैस, शेळी, घोडा, कुत्रा, कोंबडी हे सगळं शिकायचं, आणि यातला एकही रुग्ण काय दुखतंय ते सांगणार नाही.

म्हणून इथली खरी विद्या हातात असते. खांद्यापर्यंत मोजा चढवून गाईच्या गुदाशयात हात घालायचा, आतड्याच्या भिंतीपलीकडचं गर्भाशय बोटांनी चाचपायचं आणि ती गाभण आहे की नाही, हे सांगायचं. चौथ्या महिन्याच्या सुमारास गर्भाशयाच्या धमनीची एक वेगळीच थरथर बोटाला लागते. पुस्तकात तिचं वर्णन दोन ओळींचं असतं. ओळखू यायला मात्र कितीतरी गाई तपासाव्या लागतात. पोटफुगीचंही तसंच. कोठीपोट डावीकडे असतं, म्हणून गाय गुदमरायला लागली की डाव्या भकाळीत ट्रोकार म्हणजे टोकदार नळी घालून वायू सोडायचा. तिथे विचार करत बसायला वेळ नसतो. अडकलेली वार उघड्या हाताने काढली, तर सांसर्गिक गर्भपाताचा जंतू डॉक्टरलाच धरतो. हा धोका पत्करून लोक वर्षानुवर्षं गोठ्यात उभे राहतात, याबद्दल मला फार आदर वाटतो.

एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून इकडे आलेला मुलगा दिसला की घरचे लोक हळहळतात. ही हळहळ मला पटत नाही. अल्पभूधारकाच्या घरी बैलजोडी हेच भांडवल असतं. ऐन रोवणीत बैल बसला तर त्या घराचा हंगाम जातो, आणि तो वाचवणारा माणूस कुठल्याही डॉक्टरपेक्षा उणा नाही.

रायपूर, दुर्ग, अभनपूरकडच्या मराठी पालकांना एवढंच सांगणं आहे : पसंतीक्रम भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एक सकाळ काढा. तिथलं काम पाहू द्या, आणि मग निर्णय त्यांना घेऊ द्या.